सनस्क्रीनमधले प्रिझर्व्हेटिव्ह: नळी हातात घेतल्यावर काय तपासायचं, काय टाळायचं आणि कशाला घाबरायचं नाही

एप्रिल लागला की नाशिकमध्ये मेडिकलच्या काउंटरवर सनस्क्रीन मागणारे वाढतात. अलीकडे त्या मागणीला जोडूनच एक अट येते: "ताई, पॅराबेन नसलेलं द्या." कॉलेज रोडच्या मुली हे म्हणतात आणि दिंडोरी-निफाडकडून बागेच्या कामातून सवड काढून आलेल्या बायकाही म्हणतात, कारण मोबाइलवर सगळ्यांपर्यंत पॅराबेनची भीती घालणारे तेच व्हिडिओ पोहोचतात. पॅराबेन हा प्रिझर्व्हेटिव्हचा, म्हणजे क्रीममध्ये जंतू वाढू नयेत म्हणून घालायच्या पदार्थाचा, एक प्रकार. ते काढलं तर त्या जागी काय घातलं, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

मी फार्मसी शिकले. आधी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत क्रीम-लोशनच्या जंतुचाचण्या करायचे, नंतर काउंटरवर आले. दोन्ही जागांवरून पाहून माझं मत पक्कं झालं आहे की प्रिझर्व्हेटिव्हबद्दल सावध राहायलाच हवं, पण सध्याची भीती चुकीच्या नावावर रोखलेली आहे. त्यापायी काहीजण सनस्क्रीनच सोडून देतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात जिथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, त्या गावात हे परवडणारं नाही. काहीजण घरीच काहीतरी ढवळून चेहऱ्याला फासतात, आणि तो धोका पॅराबेनपेक्षा मोठा असतो. म्हणून हे सगळं क्रमाने सांगते.

पायरी १: प्रिझर्व्हेटिव्ह असतं कशासाठी, ते समजून घ्या

सनस्क्रीन किंवा मॉइश्चरायझर म्हणजे बहुतेक वेळा पाणी आणि तेल एकजीव केलेलं मिश्रण. त्यात कोरफडीचा अर्क, ग्लिसरीन, कधी प्रथिनं. पाणी आलं की जंतू वाढू शकतात, आणि वनस्पतीचा अर्क त्यांना खायला मिळतो. स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया, स्टॅफिलोकोकस ऑरियस, कॅन्डिडासारखी बुरशी ही अशा उत्पादनांत सापडणारी मंडळी. निरोगी त्वचेवर त्यांनी फार काही बिघडत नसेल, पण फुटलेली पुटकुळी, एक्झिमाची भेगाळलेली जागा, दाढी करताना लागलेलं ब्लेड किंवा डोळा, इथे ते शिरले तर दवाखाना गाठावा लागतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला बर्कहोल्डेरियाचा संसर्ग जिवावर बेतू शकतो.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की डबीत जंतू वाढलेले अनेकदा दिसतही नाहीत. वास तोच, रंग तोच. त्यामुळे पाणी असलेल्या, रोज बोट घालून वापरायच्या कुठल्याही क्रीममध्ये "प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही" असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर मला काळजी वाटते. ज्यात पाणीच नाही, म्हणजे तेल, बाम, पेट्रोलियम जेली, त्याला सहसा प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. ही विभागणी पुढे कामी येईल, ती लक्षात ठेवा.

पायरी २: पॅराबेनची भीती कुठून आली

२००४ साली ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तनाच्या २० गाठी तपासल्या आणि त्यांत पॅराबेन सापडल्याचं प्रसिद्ध केलं. बातमी जगभर गेली. पण त्या अभ्यासात निरोगी स्तनाच्या ऊतीशी तुलना नव्हती, आणि गाठ पॅराबेनमुळे झाली असंही त्यातून सिद्ध होत नव्हतं. पॅराबेन शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागू शकतं हे खरं आहे. मात्र त्याची ताकद शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या तुलनेत हजारो पटींनी कमी असते. रेणूची साखळी जितकी लांब तितका हा गुण वाढतो, म्हणून पॅराबेनच्या प्रकारांपैकी मेथिल आणि एथिलपेक्षा लांब साखळीच्या प्रोपिल आणि ब्युटिलकडे नियामक जास्त कडक नजरेने पाहतात.

युरोपने २०१४ साली पाच पॅराबेन पूर्णपणे बंद केली: आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल, फिनाइल, बेन्झिल आणि पेन्टिल. त्याच वर्षी प्रोपिल आणि ब्युटिलची मर्यादा ०.१४ टक्क्यांवर आणली. मेथिल आणि एथिलला ०.४ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे. हे हिशेब करताना युरोपची वैज्ञानिक समिती असं धरते की प्रौढ माणूस दिवसाला १८ ग्रॅम सनस्क्रीन अंगाला चोळतो. आपण चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लावतो, दिवसातून दोनदा लावलं तरी तीन-चार ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे मर्यादा ठरवतानाच आपल्या वापरापेक्षा कितीतरी जास्त वापर गृहीत धरलेला आहे.

अ‍ॅलर्जीच्या बाबतीत तर पॅराबेनची बाजू आणखी भक्कम आहे. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या, म्हणजे त्वचेला काही लागून येणाऱ्या पुरळाच्या, डॉक्टरांची संघटना दरवर्षी एखाद्या त्रासदायक पदार्थाला 'वर्षातला अ‍ॅलर्जन' ठरवते. २०१९ साली त्यांनी पॅराबेनला मुद्दाम 'अ‍ॅलर्जन नसलेला पदार्थ' म्हणून जाहीर केलं, कारण इतकी दशकं इतक्या लोकांनी वापरूनही त्याची अ‍ॅलर्जी फार कमी आढळते. एक अपवाद सांगायला हवा. जखम, टाचेच्या खोल भेगा, एक्झिमाचे चट्टे अशा फाटक्या त्वचेवर पॅराबेन असलेलं मलम दिवसेंदिवस लावलं तर अ‍ॅलर्जी जडू शकते. तेच मलम त्याच माणसाच्या चांगल्या त्वचेला चालूनही जातं.

पायरी ३: खरं लक्ष इकडे हवं

पॅराबेनची बदनामी झाल्यावर कंपन्यांनी पर्याय शोधले. त्यांतला एक मेथिलआयसोथायाझोलिनोन, थोडक्यात एमआय. पुसायच्या ओल्या वाइप्सपासून लोशनपर्यंत तो शिरला, आणि युरोपात त्याच्या अ‍ॅलर्जीची लाटच आली. वर सांगितलेल्या संघटनेने २०१३ साली त्याला 'वर्षातला अ‍ॅलर्जन' ठरवलं. २०१७ पासून युरोपात लावून ठेवायच्या कुठल्याही सौंदर्यप्रसाधनात एमआय घालायला बंदी आहे. धुऊन टाकायच्या शाम्पू-फेसवॉशमध्ये फक्त ०.००१५ टक्के चालतो. म्हणजे कमी त्रासाचं प्रिझर्व्हेटिव्ह घालवून लोकांनी जास्त त्रासाचं ओढवून घेतलं. "पॅराबेन फ्री" हे दोन शब्द मला पुरेसे वाटत नाहीत ते यामुळेच.

हे आकडे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला माझ्यापेक्षा चटकन समजतील. जीएचं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाचं, द्रावण किती पीपीएमचं (दहा लाखांत किती भाग) करायचं यावर मण्याची फुगवण ठरते, हे त्याला पाठ असतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या आपल्या लिहोसिनच्या, अवशेषांवरून युरोपात द्राक्षं अडली, तेव्हा "अवशेष आहे का" याच्या पुढचा प्रश्न "किती आहे" हा असतो, हे जिल्ह्याने चांगलंच अनुभवलं. तीच नजर नळीवर लावा. एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. युरोपात फिनॉक्सिइथेनॉल नावाच्या प्रिझर्व्हेटिव्हला १०,००० पीपीएमपर्यंत परवानगी आहे, मेथिलपॅराबेनला ४,०००, प्रोपिलपॅराबेनला १,४००. एमआयला धुऊन टाकायच्या उत्पादनात १५, आणि लावून ठेवायच्या उत्पादनात शून्य. सगळ्यांना एकच 'केमिकल' म्हणून मोजलं की हा फरक दिसेनासा होतो.

दुसरा गट फॉर्माल्डिहाइड हे जंतू मारणारं रसायन सोडणाऱ्यांचा. लेबलवर फॉर्माल्डिहाइड हा शब्द दिसत नाही, पण हे पदार्थ नळीत हळूहळू त्याचे अंश सोडत राहतात आणि त्यावरच जंतू मरतात. फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवलं आहे. तो पुरावा प्रामुख्याने कारखान्यात वर्षानुवर्षं त्याची वाफ श्वासातून घेणाऱ्या कामगारांचा आहे. क्रीम लावणाऱ्यासाठी मुख्य प्रश्न त्वचेच्या अ‍ॅलर्जीचा आहे, आणि तो खरा आहे. युरोपात आधी ५०० पीपीएमच्या वर फॉर्माल्डिहाइड सुटलं तरच लेबलवर सूचना द्यावी लागे. २०२२ च्या नियमाने ती मर्यादा १० पीपीएमवर आणली.

पायरी ४: नळी उलटी करा आणि वाचा

भारतात सनस्क्रीन हे सौंदर्यप्रसाधन धरलं जातं आणि त्याला 'सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०' लागू होतात. अमेरिकेत तेच औषध म्हणून नियंत्रित होतं. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओतला सल्ला इकडच्या नळीला जसाच्या तसा लागू पडतोच असं नाही. कोणतं प्रिझर्व्हेटिव्ह किती चालेल हे आपल्याकडे भारतीय मानक आयएस ४७०७ च्या दुसऱ्या भागात दिलेलं आहे.

नळी किंवा डबी हातात घेतल्यावर मी या क्रमाने जाते.

आधी उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची शेवटची तारीख. यांतलं एकही नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही, ती वस्तू परत ठेवा. सुट्ट्या डबीत भरून विकलेली, "आमच्याकडची खास" म्हणून दिलेली क्रीम याच पायरीवर बाद होतात. गोरं करण्याचा दावा करणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे, आणि पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होते. प्रिझर्व्हेटिव्हची चर्चा तिथे फार दूरची.

मग घटकांची यादी. अक्षरं बारीक असतात, मोबाइलने फोटो काढून मोठा करा. ऑनलाइन मागवत असाल तर मागच्या बाजूचा फोटो नसलेली वस्तू मागवू नका. यादीत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने येतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी, कुठल्याही क्रमाने. इथे एक उपयोगी खूण आहे. फिनॉक्सिइथेनॉल जास्तीत जास्त एक टक्का असतं, त्यामुळे त्याच्यानंतर आलेलं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. पुढच्या बाजूला चंदन, केशर, कोरफडीचं मोठं चित्र असेल आणि यादीत ती नावं फिनॉक्सिइथेनॉलच्या खाली असतील, तर किती चंदन आहे ते तुम्हाला कळलं. फार लहान पॅकवर ही यादी नसूही शकते, तेव्हा मोठ्या पॅकची यादी पाहून घ्या.

यादीत ही नावं शोधा:

- शेवट 'आयसोथायाझोलिनोन' असा होणारं कोणतंही नाव. लावून ठेवायच्या उत्पादनात असेल तर नको. फेसवॉश-शाम्पूमध्ये असेल आणि तुमची त्वचा आधीच तक्रार करत असेल तर तिथेही नको.
- डीएमडीएम हायडॅन्टॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-१५, ब्रोनोपॉल, सोडियम हायड्रॉक्सीमेथिलग्लायसिनेट. हे फॉर्माल्डिहाइड सोडणारे. एक्झिमा असलेल्यांनी आणि पूर्वी कशाने तरी पुरळ आलेल्यांनी टाळावेत.
- परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स. हे प्रिझर्व्हेटिव्ह नाही, पण अ‍ॅलर्जीच्या यादीत पॅराबेनच्या बरंच वर आहे. सनस्क्रीन सुगंधाशिवायचं घ्यावं, हा माझा आग्रहाचा सल्ला.

नावांच्या साधर्म्याने फसू नका. टाचांच्या क्रीममध्ये असतो तो साधा युरिया त्वचा मऊ करतो, फॉर्माल्डिहाइड सोडत नाही. शाम्पूतलं पॉलिक्वाटर्नियम आणि क्वाटर्नियम-१५ हेही वेगवेगळे.

फिनॉक्सिइथेनॉल, मेथिलपॅराबेन, सोडियम बेन्झोएट, पोटॅशियम सॉर्बेट, बेन्झिल अल्कोहोल ही नावं दिसली तर बहुतेक लोकांनी निश्चिंत राहावं. बेन्झोएट आणि सॉर्बेट आम्लधर्मी मिश्रणातच नीट काम करतात, ते सांभाळणं उत्पादकाचं काम. बेन्झोएटने काहीजणांना ओठांभोवती लगेच चुरचुरतं, लाली येते आणि थोड्या वेळाने आपोआप जाते. त्रासदायक आहे, पण ती अ‍ॅलर्जी नव्हे.

"प्रिझर्व्हेटिव्ह फ्री" लिहिलेल्या यादीत कॅप्रिलिल ग्लायकॉल, हेक्झेनडायॉल, एथिलहेक्झिलग्लिसरीन अशी नावं सापडतात. त्यांची अधिकृत ओळख ओलावा टिकवणारे किंवा त्वचा मऊ करणारे अशी असली तरी ती जंतूंनाही रोखतात. त्यात वावगं काही नाही, फक्त दाव्याचा अर्थ तेवढाच घ्या. आयुर्वेदिक परवान्यावर बनलेल्या क्रीममध्येही पाणी असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह असणारच. लेबलच्या तळाशी बारीक अक्षरांत सोडियम मेथिलपॅराबेन बऱ्याचदा सापडतं. त्याने ते क्रीम वाईट ठरत नाही.

पायरी ५: घरी चाचणी घ्या, पण दुकानातल्या टेस्टरवर विसंबू नका

मनगटाला टेस्टर लावून दहा मिनिटं वाट पाहिल्याने अ‍ॅलर्जी कळत नाही. प्रिझर्व्हेटिव्हची अ‍ॅलर्जी उशिराने उमटते, साधारण दोन ते चार दिवसांनी. घरची चाचणी अशी करा. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी जागा ठरवा. तिथे सकाळ-संध्याकाळ थोडं सनस्क्रीन लावा आणि धुऊ नका. किमान सात दिवस, त्वचा नाजूक असेल तर चौदा दिवस. खाज, बारीक फोड, लाली दिसली की तिथेच थांबा. काही झालं नाही तर पुढचे दोन-तीन दिवस जबड्याच्या कडेला लावून पाहा, मग पूर्ण चेहऱ्यावर. या काळात दुसरं कोणतंही नवं क्रीम, साबण, हेअर डाय सुरू करू नका, नाहीतर दोष कोणाचा ते कळणार नाही.

एक गोष्ट लोकांना पटत नाही: वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही अचानक अ‍ॅलर्जी होते. "मी तर हेच लावते नेहमी" म्हणून जुनं क्रीम संशयातून वगळू नका.

पायरी ६: पुरळ आलंच तर

ओठ-जीभ सुजली, धाप लागली तर वाट न पाहता १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. एरवी घाई करू नका. चेहऱ्याला लावायच्या सगळ्या वस्तू एकदम बंद करा (स्टिरॉइडचं क्रीम सोडून, त्याचं पुढे सांगते). दोन आठवडे साधं पाणी आणि सुगंध नसलेली पेट्रोलियम जेली, एवढंच. तिच्यात पाणी नाही, म्हणून प्रिझर्व्हेटिव्हही नाही. उन्हापासून संरक्षण कापडाने करा: सुती स्कार्फ, पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी. मग एकेक वस्तू आठवड्याच्या अंतराने परत सुरू करा.

या दोन आठवड्यांत दोष खरंच सनस्क्रीनचा होता का, याचाही विचार करा. आपल्या भागात चेहरा-मान-हातांवरच्या पुरळाला इतरही कारणं असतात. गाजरगवत त्यातलं मोठं. पन्नाशीच्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता ते प्रत्येक बांधावर आहे. त्याचे सुटे कण हवेतून येऊन नेमके उघड्या जागी बसतात, आणि पापण्या, मान, कोपराची घडी लाल होते. बागेत गंधकाची किंवा बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी झाल्यावर लगेच विरळणीला गेलेल्या बाईचा चेहरा आगआग झाला, तर सनस्क्रीनला दोष देण्याआधी फवारणीचा दिवस आठवा. ज्याला एमआयची अ‍ॅलर्जी आहे त्याला नव्या रंगाचाही त्रास होऊ शकतो, कारण पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगात एमआय असतं आणि ताज्या रंगवलेल्या खोलीच्या हवेत येतं. दिवाळीआधी घर रंगवून झाल्यावर तोंड सुजलेल्या माणसाने डॉक्टरांना रंगाचंही सांगावं.

आणि एक कारण मी रोज पाहते. गोरेपणासाठी स्टिरॉइड असलेलं 'मिक्स' क्रीम महिनोन्‌महिने लावलेला चेहरा. त्वचा इतकी पातळ झालेली असते की कोणतंही सनस्क्रीन लावलं तरी जळजळतं. अशी क्रीम २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तुम्ही ते लावत असाल तर एकदम बंद न करता आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पुरळ फक्त ऊन लागलेल्या भागावर उठत असेल, तेच क्रीम लावलेल्या पण कपड्याने झाकलेल्या भागावर नाही, तर संशय प्रिझर्व्हेटिव्हपेक्षा उन्हाला अडवणाऱ्या रसायनांवर घ्या. ऑक्सिबेन्झोन, म्हणजेच बेन्झोफिनोन-३, आणि ऑक्टोक्रिलीन ही त्यांतली नेहमीची नावं. अशांनी झिंक ऑक्साइडवर आधारलेलं सनस्क्रीन वापरून पाहावं.

तरीही उलगडा झाला नाही तर पॅच टेस्ट. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जाऊन ही सोय आहे का ते विचारा. भारतीय प्रमाणित संचात पॅराबेन, फॉर्माल्डिहाइड, सुगंधी द्रव्यं, गाजरगवत असे आपल्याकडचे नेहमीचे संशयित असतात. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि पुन्हा ९६ तासांच्या सुमारास पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, आणि घाम आला की पट्ट्या सुटतात. म्हणून तातडी नसेल तर ही चाचणी एप्रिल-मेमध्ये करू नका, थंडीत करा. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. घरातली सगळी क्रीम, शाम्पू, वाइप्स पिशवीत घालून सोबत न्या.

पायरी ७: घरच्या उपायांचं काय

कोरे उटणे, मुलतानी माती, बेसन कोरडं असतं, त्यामुळे त्याला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. वापरायच्या वेळी भिजवा आणि उरलं तर टाकून द्या. ताज्या कोरफडीचा गर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नका. शतधौत घृत, म्हणजे पाण्याने शंभर वेळा धुतलेलं तूप, तुपाचंच असलं तरी धुताना त्यात पाणी अडकून राहतं, म्हणून तेही थोडं करावं, थंड ठेवावं आणि लवकर संपवावं. आजीच्या हातचं ते ताजं असायचं आणि लगेच वापरलं जायचं. आपण ते महिनाभर पुरवायला बघतो, बिघडतं ते तिथे.

सनस्क्रीन मात्र घरी करू नका. खोबरेल तेलाने उन्हापासून पुरेसं संरक्षण मिळत नाही. बाजारातून झिंक ऑक्साइडची पावडर आणून क्रीममध्ये ढवळली तर तिच्या गुठळ्या होतात, काही ठिकाणी जाड थर बसतो आणि काही ठिकाणी काहीच बसत नाही. वर तयार क्रीममध्ये बाहेरचं काही मिसळल्याने त्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हचं प्रमाण बिघडतं. घट्ट झालेलं लोशन पाणी घालून सैल करणं हीसुद्धा त्याच जातीची चूक.

पायरी ८: ठेवायचं कसं

गाडीची डिकी ही सनस्क्रीन ठेवायची जागा नाही. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हात घालून पाहा, म्हणजे का ते कळेल. उष्णतेने तेल-पाणी वेगळं होतं, आणि प्रिझर्व्हेटिव्ह तेलात ओढलं गेलं की पाण्याचा भाग उघडा पडतो. शिवाय ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनमध्ये काळ जाईल तसं बेन्झोफिनोन वाढत जातं, असं २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. बेन्झोफिनोनला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकलेलं आहे. म्हणून लहान नळी घ्या आणि त्याच हंगामात संपवा. गेल्या उन्हाळ्यातली अर्धी नळी वाचवण्यात फायदा नाही.

लेबलवर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात '६ एम' किंवा '१२ एम' लिहिलेलं असतं: उघडल्यापासून तितके महिने. उघडल्याची तारीख स्केचपेनने नळीवर लिहून ठेवा. बोट घालायच्या डबीपेक्षा नळी किंवा पंप बरा. डबीच घेतली तर कोरडा चमचा वापरा. पाणी सुटलं, वास बदलला, नळी फुगली तर फेका.

लहान मुलं आणि गर्भवती

सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावू नका, सावली आणि कपडे पुरेत. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी डेन्मार्कने २०११ मध्ये प्रोपिल आणि ब्युटिलपॅराबेन बंद केलं, आणि युरोपने लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममधून ते काढलं. त्या नाजूक, झाकलेल्या त्वचेतून शोषण जास्त होऊ शकतं, म्हणून ही खबरदारी मला योग्य वाटते. वाइप्सच्या पाकिटावरची यादीही वाचा, आणि घरी असताना ओल्या सुती कापडाने पुसा. गर्भवतींनी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, सुगंध नसलेलं सनस्क्रीन घ्यावं आणि आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावं.

तक्रार करायची असेल तर

क्रीमने इजा झाली, लेबल खोटं वाटलं, तारीख खोडलेली दिसली तर गप्प बसू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रार देता येते. ग्राहक म्हणून फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अर्जासोबत बिल, बॅच क्रमांक दिसेल असा फोटो, त्वचेचे तारखेसह फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. बिल मागून घ्यायची सवय त्यासाठीच लावा. आणि रागाच्या भरात उरलेलं क्रीम फेकून देऊ नका. झाकण घट्ट लावून, वेगळ्या पिशवीत घालून नळी तशीच जपून ठेवा. बॅच तपासायची वेळ आली तर तीच दाखवावी लागेल.